गुल्म की मेसेंटेरिक सिस्ट? : दुर्बिणीद्वारे शस्त्रकर्माचा मार्ग

उदरपरीक्षणात हाताला गोळा लागला की गुल्माचा विचार वैद्याच्या मनात प्रथम येतो, आणि ते स्वाभाविकच आहे. तथापि, प्रौढ रुग्णात असा गोळा क्वचित मेसेंटेरिक सिस्टचाही असू शकतो. आतड्यांना उदराच्या मागील भित्तीशी जोडणाऱ्या पडद्यात ही द्रवपूर्ण ग्रंथी निर्माण होते. फ्लॉरेन्सच्या बेनिव्हिएनी यांच्या १५०७ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात तिचे पहिले वर्णन आढळते. १८८० मध्ये फ्रेंच शल्यविशारद तियो यांनी ती यशस्वीपणे काढली.

हा गोळा आडवा सहज सरकतो, वरखाली मात्र फारसा हलत नाही, ही लक्षात ठेवण्याजोगी खूण होय. निदाननिश्चिती सोनोग्राफी व सीटी स्कॅनने होते. दुर्लक्ष झाल्यास ग्रंथीत रक्तस्राव, जंतुसंसर्ग किंवा आतड्यास पीळ पडणे संभवते.

१९९३ पासून हे शस्त्रकर्म दुर्बिणीद्वारेही होऊ लागले. लहान छिद्रांतून ग्रंथी सोडवून, द्रव शोषून, ती पिशवीतून बाहेर काढतात. केवळ द्रव काढल्यास ती पुन्हा भरते. म्हणून संपूर्ण उच्छेदन आवश्यक. आतड्याच्या रक्तवाहिन्या ग्रंथीत गुंतल्या असल्यास आतड्याचा तेवढा भागही काढावा लागतो.

पक्व गुल्मात धान्वंतरीयांचा अधिकार चरकाचार्यांनी गुल्मचिकित्सेत स्पष्टपणे मान्य केला आहे. तोच विवेक येथेही हवा. वारंवार वातानुलोमक चूर्णे नेणाऱ्या ग्राहकास औषधविक्रेत्यांनीही वैद्याकडे पाठवावे आणि वैद्यांनी गोळा आढळताच सोनोग्राफी करवून घ्यावी. योग्य वेळी रुग्ण शल्यज्ञाकडे सोपविणे, हीदेखील चिकित्साच होय.