साखरपुड्याच्या अंगठीचे कोंदण

दसऱ्याचे सोने लुटून होते, कोजागरीपासून मोठ्या देवीचा शांती उत्सव सुरू होतो, आणि खामगावच्या घराघरांतून दोन विषयांची बोलणी एकदमच रंगू लागतात. पहिला विषय कपाशीच्या वेचणीचा आणि दुसरा घरातल्या उपवर मुलामुलींच्या सोयरिकीचा. या दोहोंचा संबंध वऱ्हाडातल्या कोणत्याही गृहिणीला समजावून सांगण्याची गरज नाही. पांढरे सोने बाजारात गेल्यावाचून पिवळे सोने घरात येत नाही, हा येथला पिढ्यान्‌पिढ्यांचा हिशेब आहे. १८७० साली जलंबहून खामगावला आगगाडीचा फाटा आला तोही कापसासाठीच. पुढे चांदीच्या व्यवहाराने या गावाला रजतनगरी हे नाव मिळवून दिले आणि दसरा-धनत्रयोदशीला परगावचे लोक येथल्या सराफ्यात येऊ लागले.

प्रबोधिनी एकादशीला चातुर्मास संपतो, द्वादशीपासून पौर्णिमेपर्यंत अंगणाअंगणांतून तुळशीचे लग्न लागते, आणि मग मुहूर्तांची दाटी होते. त्या आधीच्या या दिवसांत सराफाच्या गादीवर जी कुटुंबे बसलेली दिसतात त्यांच्यापैकी बऱ्याच जणांचा प्रश्न एकच असतो: साखरपुड्याची अंगठी कशी घ्यावी? खडा कोणता, याची चर्चा घरी झालेली असते. किंमत किती, हे मुलीच्या वडिलांनी मनाशी ठरवलेले असते. पण तो खडा सोन्यात बसवायचा कसा, याचा विचार सहसा कोणी केलेला नसतो. दुकानदार मखमलीच्या पेटीतून जी सर्वांत चमकदार दिसेल ती पुढे करतो आणि तीच पसंत पडते. आम्हाला आज लिहावयाचे आहे ते या विचारात न घेतलेल्या गोष्टीविषयी.

खरे पाहता वाङ्निश्चयाला अंगठी लागतच नाही. वडीलधाऱ्यांचा शब्द, गणपती-वरुणाचे पूजन, कुंकू, साडी आणि साखरेचा पुडा एवढ्यावर तो विधी पूर्ण होतो. अंगठ्यांची अदलाबदल त्यात मागाहून आली. परंतु म्हणून अंगठी आपल्याला परकी आहे असे मात्र नव्हे. हनुमंताने अशोकवनात सीतामाईच्या हाती दिली ती श्रीरामांची मुद्रिकाच होती, आणि दुष्यंताने शकुंतलेला दिलेली अंगठी शचीतीर्थात गळून पडल्यामुळे केवढा अनर्थ ओढवला हे सर्वश्रुत आहे. या दोन्ही अंगठ्यांत एक साम्य आहे. दोन्हींवर नाव कोरलेले होते आणि त्या नावानेच ओळख पटली. खड्याच्या तेजाचा तेथे प्रश्नच आला नाही. पूजेला बसताना अनामिकेत आपण दर्भाचे पवित्रक घालतो, त्यात तर सोनेही नसते. तेव्हा जिचे बोट रिकामे ठेवणे मनाला रुचत नाही, पण खड्याचा खर्चही झेपत नाही, अशा घराने नाव कोरलेले साधे वळे घ्यावे. त्यात कमीपणा मानण्याचे कारण नाही.

आता खड्याच्या अंगठीकडे वळू. आपल्याकडचा जुना प्रकार म्हणजे कोंदण. सोन्याच्या पोकळ घरात लाख भरायची, खड्याखाली चमकता वर्ख घालायचा, खडा बसवायचा, आणि अगदी शुद्ध सोन्याची पातळ पट्टी त्याच्या कडेने सळईने दाबत दाबत भरायची. शुद्ध सोने इतके मऊ असते की आगीवाचून, नुसत्या दाबाने ते एकजीव होते. असे कोंदण केलेली अंगठी पाहताना डोळे निवतात. पण तिच्या पोटात लाख आहे आणि वर्ख आहे, हे विसरून चालत नाही. उष्णतेने लाख नरम पडते, आणि पाणी झिरपले की वर्ख काळवंडून खडा निस्तेज दिसू लागतो. देवांना पंचामृत, अंगणात सडा, भांडी, कणीक या सर्वांतून दिवसाला वीस वेळा ओला होणारा हात या अंगठीला मानवत नाही. ती सणावारी घालावी, आणि परत डबीत ठेवावी.

दुसरा प्रकार नख्यांचा. सोन्याच्या चार किंवा सहा नख्या वर येऊन खड्याला धरतात, खालून-बाजूने उजेड खेळतो, आणि हिरा आहे त्याहून मोठा भासतो. न्यूयॉर्कच्या टिफनी पेढीने १८८६ साली सहा नख्यांची अंगठी बाजारात आणली, तेव्हापासून जगभर साखरपुड्याची अंगठी म्हटली की हेच रूप डोळ्यांसमोर येते. हिऱ्यासाठी ते उत्तम खरे. मात्र नख्या चारऐवजी सहा घ्याव्यात, कारण एक झिजली तरी उरलेल्या पाच खडा धरून ठेवतात. सोनेही येथे बावीस कॅरटचे न घेता अठराचे घेणे शहाणपणाचे. बावीस कॅरट मऊ, त्याच्या नख्या लवकर झिजतात आणि वाकतात. अठरा म्हणजे हलके, अशी समजूत ज्येष्ठ मंडळींत अजून आहे. नख्यांच्या बाबतीत तरी ती सोडून द्यावी.

तिसरा प्रकार आम्हाला सर्वांत जवळचा वाटतो. खड्याभोवती चारी बाजूंनी सोन्याचा काठ उचलून तो आत दाबलेला असतो. खडा किंचित लहान दिसतो, उजेड थोडा कमी खेळतो, हे मान्य. पण त्याला कशाचा धागा अडकत नाही, कड फुटत नाही, आणि कणकेतून हात काढला तरी तो जागच्या जागी राहतो. याखेरीज लहान खड्यांच्या रांगा आणि जाळ्या असलेले नमुने हल्ली पुष्कळ दिसतात. त्यांविषयी एवढेच सांगतो की असे वळे पुढे सैल-घट्ट करणे अवघड जाते.

काठाच्या अंगठीकडे आमचे मन का ओढते, त्याला एक घरगुती कारण आहे. आमच्या थोरल्या बहिणीच्या साखरपुड्याची अंगठी चार बारीक नख्यांची होती. दुकानाचे नाव सांगण्यात आता अर्थ नाही. त्या वर्षी तुळशीच्या लग्नाच्या दिवशी ती पुरणपोळीची कणीक भिजवून उठली, आणि हात धुताना पाहते तो अंगठीत नुसते रिकामे घर. एक नखी पातळाच्या काठात अडकून कधीचीच उघडली होती. लग्नाला महिना राहिला होता. कणीक चाळली, मोरी उपसली, अंगण झाडून काढले, खडा मिळाला नाही. आईने अंगठी पदराखाली लपवली. व्याह्यांना कळले तर काय म्हणतील, मुलीच्या कपाळी काय लिहिले आहे, या चिंतेने तिने त्या संध्याकाळी मंगलाष्टकेही ऐकली नाहीत. शेवटी आजीनेच तोंड उघडले. "खडा निसटला वं माय, सोयरीक नाही निसटली," असे म्हणून तिने बहिणीला बाळकृष्णापुढे अक्षता टाकायला उभे केले. दुसऱ्या दिवशी वडिलांनी व्याह्यांना सारे सांगून टाकले. ते भले लोक होते, हसले. पण सर्वच घरी असे हसून सोडतील असे नाही, आणि त्या एका रात्रीत आईचे झालेले तोंड आम्हाला अजून दिसते.

खडा कोणता आहे त्यावरही त्याचे घर ठरते. हिरा सर्वांत कठीण. माणिक आणि नीलम त्याच्या खालोखाल. ही रत्ने नख्यांतही सुखाने राहतात. पाचू कठीण असला तरी ठिसूळ असतो, त्याच्या अंगात बारीक चिरा असतात आणि त्या बहुधा तेलाने भरलेल्या असतात. त्याला काठच हवा, आणि गरम पाणी नको. मोती व पोवळे तर फारच कोवळे. चिंच, लिंबू यांच्या आंबटाने त्यांचे पाणी उतरते. पत्रिकेवरून पोवळे सुचवले असेल तर ते अवश्य घालावे, पण स्वयंपाकघराच्या दाराशी काढून ठेवावे.

पारखीचा एक मुद्दा मुद्दाम लिहितो, कारण पुष्कळांना तो ठाऊक नाही. सोन्याच्या दागिन्यावर हॉलमार्क बंधनकारक करण्यास जून २०२१ मध्ये सुरुवात झाली आणि १ एप्रिल २०२३ पासून त्यात सहा अक्षर-अंकांचा क्रमांकही असावा लागतो. बावीस कॅरटवर ९१६ आणि अठरावर ७५० असा आकडा असतो, आणि तो क्रमांक बीआयएस केअर या मोबाइलवरील ॲपमध्ये घालून पाहता येतो. परंतु कुंदन, पोलकी आणि जडावाचे दागिने या सक्तीतून वगळलेले आहेत. दोन ग्रॅमच्या आतले दागिनेही वगळलेले आहेत. म्हणजे जुन्या पद्धतीच्या कोंदणाची अंगठी घेताना भरवसा पेढीवरच ठेवावा लागतो. तेव्हा सोन्याचे वजन, लाखेचे वजन आणि खड्याचे वजन पावतीवर वेगवेगळे लिहून घ्यावे. लाख सोन्याच्या भावाने विकत घेण्याचे काही कारण नाही. संकोच करू नये. सचोटीचा सराफ याने रागावत नाही.

राहता राहिले माप. आपल्याकडे चैत्र-वैशाखात बोटे फुगतात आणि पौषात आकसतात. कार्तिकातल्या गार सकाळी दिलेले माप उन्हाळ्यात आवळते, म्हणून माप दुपारनंतर द्यावे. सैलही नको, शकुंतलेची अंगठी पाण्यात गेली ती बोटावरून घसरूनच.

रजतनगरीत राहणाऱ्यांना एक सोय आहे, तिचा लाभ कोणी घेताना दिसत नाही. जो घाट मनात आहे तोच आधी चांदीत, साधा काचेचा खडा घालून करवून घ्यावा आणि मुलीने आठ दिवस तो बोटात वागवावा. त्या अंगठीने भाकरी थापावी, कापूस वेचावा, वेणी घालावी, धाकट्या भाच्याला न्हाऊ घालावे. नखी केसात अडकते का, काठ बोटाला रुततो का, पीठ कोठे साचते, हे आठ दिवसांत जेवढे कळेल तेवढे गादीवर बसून तासभरातही कळणार नाही. नंतर ती चांदी मोडीत देता येते. खर्च फक्त मजुरीचा. मुलीच्या वडिलांनी मनाशी ठरवलेला आकडा या आठ दिवसांत बहुधा खालीच येतो, असा आमचा अनुभव आहे, कारण मोठ्या खड्याचा हट्ट पहिल्या चार भाकरींतच उतरतो.

खडा बसवणारा कारागीर घाईचे काम मनापासून करीत नाही, आणि तुळशीच्या लग्नानंतर त्याच्यापुढे कामाची रांग लागते. तेव्हा मार्गशीर्षातला मुहूर्त धरला असेल तर चांदीचा नमुना आताच सांगावा, म्हणजे धनत्रयोदशीला सराफ्यात जाऊन सोन्याची मागणी नोंदवता येईल.