प्रस्थापित संस्थेतील नवप्रवर्तन : कोयनेच्या लेक टॅपिंगचा दाखला

नवप्रवर्तक म्हणजे रूढ संस्थांच्या बाहेर उभा राहून त्यांना आव्हान देणारा पुरुष, ही कल्पना अर्थशास्त्रात शुम्पेटरच्या १९११ च्या ग्रंथापासून रूढ झाली. पुढे १९४२ साली त्यानेच असे प्रतिपादिले की, मोठ्या उद्योगसंस्थांत नवप्रवर्तन हे तज्ज्ञांच्या गटाचे नित्याचे काम होऊन बसेल. या दोन्ही मतांच्या मधोमध एक प्रश्न उरतो. जी संस्था केवळ खाजगी नफ्यासाठी नव्हे, तर मंजुरी, अंदाजपत्रक आणि लेखापरीक्षण यांच्या चौकटीत चालते, तिच्यात राहून पूर्वी कोणी न केलेले काम कसे तडीस न्यावे? चिपळूण तालुक्यातील अलोरे या गावाच्या परिसरात या प्रश्नाचे एक उत्तर सापडते.

कुंभार्ली घाटाच्या पायथ्याचे अलोरे हे कोयना प्रकल्पाच्या वसाहतीमुळे नावारूपास आले. पूर्वेकडे कृष्णेला मिळणाऱ्या कोयनेचे पाणी अडवून ते सह्याद्रीच्या पोटातून पश्चिमेस वळवावयाचे आणि सुमारे पाचशे मीटर खाली पोफळीच्या भूमिगत वीजगृहात सोडावयाचे, ही मूळ योजना होय. तेथे वापरलेले पाणी कोळकेवाडीच्या धरणात पुन्हा अडवून तिसऱ्या टप्प्यात त्यावर आणखी ३२० मेगावॅट वीज निर्माण करण्यात आली. मग ते पाणी वाशिष्ठीच्या वाटेने समुद्रास मिळते.

चौथ्या टप्प्याची अडचण निराळी होती. पश्चिमेस वळवावयाच्या पाण्यावर बच्छावत लवादाने वर्षाला ६७.५ अब्ज घनफुटांची मर्यादा घातली होती. पाणी वाढणार नव्हते. मागणी मात्र वाढत होती, आणि तीही दिवसातील ठराविक तासांत एकवटलेली. तेव्हा तेच पाणी थोड्या तासांत, परंतु मोठ्या क्षमतेने वापरावे, असा विचार पुढे आला व १,००० मेगावॅटचा टप्पा आखण्यात आला. त्यासाठी शिवसागर जलाशयाला नवे तोंड पाडणे भाग होते. जलाशय रिकामा करावा, तर त्याच पाण्यावर चालणारे पहिले दोन टप्पे बंद पडणार. नवप्रवर्तनाची गरज ही अशी संस्थेच्या स्वतःच्या कोंडीतून उद्भवली. कोणाच्या हौसेतून नव्हे. ही गोष्ट वाटते त्याहून महत्त्वाची आहे.

नॉर्वेमध्ये पर्वतातील सरोवरे खालून भेदण्याची पद्धत फार पूर्वीपासून प्रचलित असून तेथे असे शेकडो भेद झाले आहेत. या पद्धतीत बोगदा जलाशयाच्या तळाखालून खणत नेतात आणि शेवटी पाणी व बोगदा यांच्यामध्ये काही मीटर जाडीचा खडक राखून ठेवतात. त्या खडकात आधी शोधक छिद्रे घेऊन भेगा हुडकतात, त्यांत सिमेंटचा द्राव दाबून भरतात. फुटलेला खडक पाण्याबरोबर वाहत जाऊन यंत्रांपर्यंत पोहोचू नये म्हणून तोंडाखाली एक खड्डा आधीच खणलेला असतो. मागील दरवाजे बंद ठेवून सुरुंग क्षणांशाच्या अंतराने उडवितात. खडक अर्धवट फुटला, तर पाण्याच्या दाबाखाली दुरुस्ती जवळजवळ अशक्य. कोयनेत हा स्फोट १३ मार्च १९९९ रोजी झाला. आशियातील अशा पहिल्या प्रयोगांत त्याची गणना होते.

येथे लक्षात घेण्याजोगे हे की, परत न फिरविता येणारा क्षण एकच होता. बोगदा, छिद्रण, सिमेंटचा द्राव, दरवाजे ही सर्व कामे पाटबंधारे खात्याने याच डोंगरात कित्येक वर्षे केलेली होती. नवे ते थोडे, आणि जुने ते पुष्कळ. शिवाय प्रत्येक जुन्या पायरीची तपासणी स्वतंत्रपणे करता येण्याजोगी होती. सरकारी दरसूचीत ज्या कामाला ओळ नाही, त्याच्या अंदाजपत्रकाला मान्यता मिळविणे किती जिकिरीचे असते, हे ज्याने नस्ती हाताळली आहे त्यास सांगावयास नको. चुकलेल्या निर्णयाची चौकशी होते; न घेतलेल्या निर्णयाची सहसा होत नाही. अशा ठिकाणी धाडसाची भाषा निरुपयोगी ठरते. नव्या कल्पनेचे खात्याच्या परिचयाच्या कामांत विभाजन करून प्रत्येक भागाचा जबाबदार कोण हे ठरवून देणे, हाच तेथील नवप्रवर्तकाचा खरा उद्योग होय.

कोयनेच्या बाबतीत आणखी एक संस्कार कामी आला असावा. ११ डिसेंबर १९६७ च्या भूकंपात धरणाला तडे गेले, तेव्हा स्वतःच बांधलेल्या धरणाची चिकित्सा करून ते बळकट करण्याची पाळी याच यंत्रणेवर आली होती.

पण एकदा साधलेले संस्थेत मुरले की नाही, याची कसोटी पुनरावृत्तीत असते. बदल्या व निवृत्ती यांमुळे सरकारी खात्यात अनुभव माणसांबरोबर निघून जातो. कागदावर जे उतरले नसेल ते राहत नाही. दुसरे लेक टॅपिंग २५ एप्रिल २०१२ रोजी, म्हणजे तेरा वर्षांनी झाले. जलाशयाची पातळी ६३० मीटरांच्या खाली गेल्यावरही, सुमारे ६१८ मीटरांपर्यंत, चौथ्या टप्प्यास पाणी मिळावे हा त्याचा हेतू होता. पहिल्या खेपेस परक्या देशाचा अनुभव आधाराला होता. दुसऱ्या खेपेस त्याच्या जोडीला याच जलाशयावरील स्वतःचा अनुभव होता.