वडोदरामार्गे कच्छचे रण: आटलेल्या समुद्रावरची हिवाळी सुटी

नाताळच्या सुटीत निम्मा देश गोव्याच्या किनाऱ्यावर उतरतो. त्याच दिवसांत चार-आठ दिवस घराबाहेर पडू इच्छिणाऱ्या गोमंतकीय कुटुंबांपुढे प्रश्न असतो, जायचे कुठे? समुद्राचा कंटाळा आलेल्यांना वाळवंट खुणावते आणि कच्छच्या रणाचे नाव पुढे येते. मात्र रण पाहायला निघालेल्या पुष्कळांच्या मनात वाळूच्या टेकड्यांचे चित्र असते. तसे चित्र पाहायचे असेल तर जैसलमेर गाठावे. कच्छचे रण वाळूचे नाही. तो दरवर्षी भरणारा आणि दरवर्षी आटणारा उथळ समुद्र आहे. ही एक गोष्ट समजून घेतली, की केव्हा जावे, काय पाहावे आणि किती दिवस थांबावे, हे प्रश्न बरेचसे सुटतात.

संस्कृतात ‘इरिण’ म्हणजे खारट, नापीक जमीन. ‘रण’ हा शब्द त्यावरून आल्याचे मानले जाते. पावसाळ्यात राजस्थानकडून येणाऱ्या लुणी, बनास यांसारख्या नद्यांचे पाणी आणि वाऱ्याने आत लोटलेले खाडीचे पाणी या सपाट चिखलावर पसरते. ऑक्टोबरपासून ते आटू लागते आणि मागे उरते मिठाची साय. पाऊस लांबला तर नोव्हेंबरातही पांढऱ्या रणाऐवजी चिखलच भेटतो. मार्चपासून ऊन असह्य होते. म्हणून डिसेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीच्या मध्यापर्यंतचा काळ सर्वांत सोयीचा.

पहिला मुक्काम वडोदरा

गोव्याहून रेल्वेने निघणाऱ्यांना वडोदरा हा सोयीचा पहिला टप्पा आहे. कोकण रेल्वेवरून वसई रोडमार्गे उत्तरेकडे जाणाऱ्या अनेक गाड्या तेथे थांबतात. पुढे कच्छ एक्सप्रेस किंवा सयाजीनगरी एक्सप्रेसने रात्री वडोदरा सोडले, की सकाळी भूज येते. दोन गाड्यांच्या मधला दिवस मात्र स्थानकावर घालवू नये. गायकवाडांच्या राजवटीमुळे मराठी या शहरात पिढ्यान्‌पिढ्या नांदते आहे. रावपुरा, दांडिया बाजार या जुन्या भागांत ती आजही कानी पडते.

१८७५ ते १९३९ या काळात राज्य केलेल्या महाराजा सयाजीराव गायकवाड यांनी उभारलेल्या संस्था हे शहराचे खरे वैभव. १८९० मध्ये पूर्ण झालेला लक्ष्मीविलास राजवाडा सर्वांनाच ठाऊक असतो. वाळवंटाकडे निघालेल्यांनी त्याबरोबर सयाजीबागेतील संग्रहालयही पाहावे. १८९४ मध्ये स्थापन झालेल्या या संग्रहालयात इजिप्तमधील एक ममी आहे आणि महीच्या मुखाशी वाहून आलेल्या निळ्या देवमाशाचा सांगाडाही आहे. मुलांची पावले या दोन्हींपाशी हमखास रेंगाळतात. संध्याकाळी सेव-उसळ खावी आणि प्रवासासाठी वडोदऱ्याचा हिरवा, ओलसर ‘लीलो चेवडो’ बांधून घ्यावा.

भूज आणि भोवतालची गावे

कच्छ हा क्षेत्रफळाने देशातील सर्वांत मोठा जिल्हा. तो ४५,६७४ चौरस किलोमीटरचा आहे, म्हणजे गोव्याच्या बारापटींहून मोठा. त्यामुळे दोन दिवसांत ‘कच्छ करून’ येण्याचा बेत आखणारे बहुतेक वेळ गाडीतच बसून काढतात. किमान चार रात्री हाताशी ठेवाव्यात आणि पहिला दिवस भूजला द्यावा.

२६ जानेवारी २००१ रोजी सकाळी झालेल्या भूकंपाने हे शहर उद्ध्वस्त केले. भुजिया डोंगरावरील ‘स्मृतिवन’ हे त्या आपत्तीचे स्मारक २०२२ मध्ये खुले झाले. डोंगरउतारावर पावसाचे पाणी अडवणारी लहान लहान तळी बांधली असून तेथे मृतांची नावे लावलेली आहेत. संग्रहालयाला किमान तीन तास लागतात. जुन्या शहरातील आयना महाल आणि प्राग महाल शेजारी शेजारी आहेत.

भूजजवळच्या अजरखपूरची कथाही भूकंपाशी आणि पाण्याशी जोडलेली आहे. अजरख छपाईत कापड पुन्हा पुन्हा धुवावे लागते आणि पाण्याच्या गुणावर रंग ठरतो. भूकंपानंतर धमडका या मूळ गावाच्या पाण्यात लोहाचे प्रमाण वाढले आणि रंग बिघडू लागले. तेव्हा अनेक कारागीर कुटुंबांनी नवे गाव वसवले, तेच अजरखपूर. नीळ आणि मंजिष्ठेचे रंग, लाकडी ठसे आणि धुण्याचे हौद पाहून झाले, की कापडाची किंमत फार वाटत नाही. विणकरांचे भुजोडी आणि रोगन कलेसाठी प्रसिद्ध असलेले निरोणा ही गावेही भूजहून सहज पाहता येतात.

पौर्णिमेचे रण

पांढऱ्या रणाचे प्रवेशद्वार म्हणजे भूजपासून सुमारे ८० किलोमीटरवरील धोरडो. वाटेत कर्कवृत्त ओलांडले जाते. सीमावर्ती भाग असल्याने प्रवेशपरवाना लागतो. तो ऑनलाइन किंवा भिरंडियारा येथील नाक्यावर मिळतो, म्हणून प्रत्येकाचे ओळखपत्र जवळ असावे. बन्नीच्या म्हशींच्या दुधाचा भिरंडियाराचा मावा प्रसिद्ध आहे.

धोरडोला २०२३ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या पर्यटन संघटनेने उत्कृष्ट पर्यटन ग्रामाचा मान दिला. रणोत्सवाच्या काळात तेथे तंबूंचे मोठे नगर उभे राहते आणि त्याचे दरही तसेच असतात. खर्च आवरायचा असेल तर होडको आणि आसपासच्या गावांतील ‘भुंगे’ पाहावेत. भुंगा म्हणजे मातीचे गोल, शाकारलेले घर. २००१ च्या भूकंपात यांपैकी अनेक घरे टिकली, कारण गोल भिंत धक्का सर्व बाजूंनी वाटून घेते.

रण दोनदा पाहावे, एकदा सूर्यास्ताला आणि एकदा चांदण्यात. पौर्णिमेच्या रात्री क्षितिजापर्यंत पसरलेले मीठ स्वतःच उजळल्यासारखे दिसते. मराठी कुटुंबांसाठी यात आणखी एक योग आहे. जवळच असलेल्या काळो डुंगर या कच्छमधील सर्वांत उंच डोंगरावर दत्तात्रेयाचे मंदिर आहे आणि दत्तजयंती मार्गशीर्ष पौर्णिमेलाच, बहुधा डिसेंबरात येते. सकाळी दत्तदर्शन आणि रात्री रणातले चांदणे, असा दिवस पंचांग पाहून साधता येतो. या मंदिरात आरतीनंतरचा प्रसाद कोल्ह्यांसाठी ठेवण्याची जुनी प्रथा आहे. डोंगरमाथ्यावरून रणाचा अफाट विस्तार दिसतो.

खावड्याहून खदिर बेटाकडे जाणारा रस्ता रणातूनच जातो. दोन्ही बाजूंना पांढरी सपाटी असते आणि शेवटी येते धोलावीरा. इ. स. पूर्व ३००० ते १५०० या काळातील हे हडप्पा संस्कृतीचे नगर २०२१ मध्ये जागतिक वारसा यादीत आले. मनसर आणि मनहर या दोन पावसाळी ओढ्यांचे पाणी वळवून भरलेले दगडी जलाशय हे येथील मुख्य आश्चर्य. वर्षातील बहुतेक महिने कोरड्या असलेल्या जागी नगर उभे राहिले ते पावसाचा थेंब जपण्याच्या शिस्तीवर. चांगला वाटाड्या घ्यावा, नाहीतर दगडांच्या भिंतींपलीकडे काही दिसत नाही.

परतीच्या वाटेवर छोटे रण

परतताना विरमगामजवळच्या दसाडा, पाटडी परिसरात एक मुक्काम करावा. येथून छोट्या रणात जाता येते. येथील रानगाढवांचे, म्हणजे घुडखरांचे अभयारण्य ४,९५४ चौरस किलोमीटरचे, म्हणजे सबंध गोव्याहून मोठे आहे. गेल्या शतकात काही शेकड्यांवर आलेली घुडखरांची संख्या २०२४ च्या गणनेत साडेसात हजारांवर गेली. हिवाळ्यात पाणथळ जागी रोहित आणि क्रौंच पक्षीही उतरतात.

याच रणात अगरिया कुटुंबे मीठ पिकवतात. ‘आगर’ म्हणजे मिठागर. पेडण्याच्या आगरवाड्याच्या नावात आणि या समाजाच्या नावात तोच शब्द आहे. गोव्यात भरतीचे पाणी मिठागरात घेतले जाते. अगरियांना मात्र जमिनीखालचे, समुद्राहून अधिक खारट पाणी उपसावे लागते. पावसाळा सरला की सारे कुटुंब रणात येऊन झोपडी बांधते, पायांनी चिखल तुडवून वाफे तयार करते आणि लाकडी दाताळ्याने मीठ हलवत राहते. उन्हाळ्यात मीठ निघते आणि पावसाआधी कुटुंब गावी परतते. पूर्वी डिझेलच्या पंपांवर कमाईचा मोठा हिस्सा जात असे, आता अनेक ठिकाणी सौर पंप आले आहेत. तरीही व्यापाऱ्याची उचल आधी घेतलेली असते, मिठाला मिळणारा भाव बाजारातील किमतीचा किरकोळ अंश असतो आणि एखाद्या अवकाळी पावसाने काही महिन्यांचे श्रम विरघळून जातात.

पर्यटकाने येथे काही पथ्ये पाळायला हवीत. वाफ्यांवर पाय ठेवू नये, जीप वाफ्यांच्या बांधाजवळ नेण्याचा आग्रह धरू नये, विचारल्याशिवाय झोपड्यांची आणि मुलांची छायाचित्रे घेऊ नयेत. टँकरने पिण्याचे पाणी येणाऱ्या वस्तीत पाण्याने हात-पाय धुण्याची मागणी करू नये. स्थानिक वाटाड्या घेतला तर पैसे त्याच गावात राहतात.

सोबत काय न्यावे

गोव्याच्या हिवाळ्याच्या अंदाजाने कपडे भरले तर फसगत होते. दिवसा ऊन चटकते, रात्री पारा झपाट्याने उतरतो आणि कच्छमधील नलिया हे गुजरातच्या सर्वांत थंड ठिकाणांत गणले जाते. स्वेटर, कानटोपी आणि पायमोजे हवेतच. मिठावरील प्रकाशाने डोळे दिपतात, म्हणून काळा चष्मा घ्यावा. ओल्या मिठाने चामड्याचे बूट खराब होतात, जुने कापडी बूट बरे. रणात पायवाट सोडून दूर जाऊ नये, कारण मिठाच्या सायीखाली चिखल असू शकतो. पाण्याच्या रिकाम्या बाटल्या परत आणाव्यात, कारण तेथे टाकलेले प्लास्टिक पुढच्या पावसाळ्यात पाण्याबरोबर सगळ्या रणभर पसरते.

रेल्वेची आणि मुक्कामाची आरक्षणे पौर्णिमेच्या आठवड्यासाठी सर्वांत आधी भरतात. पौर्णिमा हुकली तरी हरकत नाही. अमावास्येच्या आसपास गेलेल्यांना त्याच रणात, शहरात कधीच न दिसणारे ताऱ्यांनी भरलेले आकाश मिळते आणि गर्दीही कमी असते.