सत्तर वर्षांचं राज्य, वर्षभराचं सुतक

१३ ऑक्टोबर २०१६. बँकॉकमध्ये चाओ फ्राया नदीकाठच्या सिरिराज रुग्णालयाच्या आवारात माणसं ठाण मांडून बसली होती. अंगात गुलाबी आणि पिवळे कपडे, छातीशी राजाची तसबीर, ओठांवर प्रार्थना. थाई रिवाजात पिवळा हा सोमवारचा रंग, आणि राजा सोमवारी जन्मलेला. २००७ साली राजा दुखण्यातून उठून गुलाबी कोट घालून रुग्णालयाबाहेर आला, तेव्हापासून गुलाबी हा त्याच्या आरोग्याचा रंग ठरला होता. दुपारी ३ वाजून ५२ मिनिटांनी राजे भूमिबोल अदुल्यदेज गेले, पण ते जाहीर झालं संध्याकाळी. बातमी आवारात पोचली तसे लोक ऊर बडवून रडू लागले. अनोळखी माणसं एकमेकांच्या गळ्यात पडली.

थाई भाषेत राजा ‘मरत’ नाही. त्याच्यासाठी वेगळा शब्द आहे, ‘सवन्खोत’. उच्चार थाई असला तरी शब्द ओळखीचा आहे: स्वर्गगत. राजाचं नावही तसंच. थाई लोक ते ‘फूमिफोन अदुन्यदेत’ असं काहीसं उच्चारतात, लिहितात मात्र संस्कृत वळणानं, भूमिबल अतुल्यतेज. चक्री घराण्यातले हे नववे राजे, म्हणून ‘नववे राम’. जन्म १९२७ चा, अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्समधला, कारण वडील तिथे वैद्यकशास्त्र शिकत होते. ९ जून १९४६ ला थोरले बंधू राजे आनंद महिदोल राजवाड्यात गोळी लागून मृतावस्थेत सापडले आणि अठरा वर्षांच्या या मुलाकडे गादी आली. ती त्यांनी सत्तर वर्षं आणि चार महिने सांभाळली. या काळात लष्करानं अनेकदा सत्ता बळकावली, घटना बदलल्या, पंतप्रधान आले आणि गेले. सत्तरीच्या आतल्या थाई माणसानं दुसरा राजा पाहिलाच नव्हता. नंतर रस्तोरस्ती दिसलेल्या काळ्या सदऱ्यांवर म्हणूनच एक वाक्य छापलेलं असे, आपण नवव्या राजाच्या काळात जन्मलो असं सांगणारं.

या प्रेमाचं मूळ शोधायचं तर मी एका छायाचित्रापाशी थांबेन. साल १९५५, ईशान्येकडचा नाखोन फानोम प्रांत. राजाच्या वाटेवर शंभरी ओलांडलेली एक शेतकरी म्हातारी कमळं घेऊन सकाळपासून उन्हात बसून होती. राजा आला तोवर कमळं कोमेजून गेली. तिनं ती तशीच डोक्यावर धरली. राजासमोर आपलं डोकं त्याच्यापेक्षा खाली ठेवायचं हा त्या देशाचा दंडक, आणि इथे राजाच इतका खाली वाकला आहे की त्याचा चेहरा म्हातारीच्या चेहऱ्याला टेकेल. थायलंडमध्ये हे छायाचित्र घराघरांत आहे.

पुढली कित्येक दशकं हा माणूस गळ्यात कॅमेरा आणि हातात नकाशा घेऊन खेडी फिरला. कृत्रिम पावसाचा प्रयोग त्यांच्या पुढाकारानं १९६९ मध्ये झाला. त्याच सुमारास उत्तरेच्या डोंगरातल्या जमातींना अफूऐवजी फळं, भाज्या, कॉफी पिकवायला लावणारं काम सुरू झालं. लोक त्यांना ‘फो’ म्हणत, म्हणजे बाबा. त्यांचा वाढदिवस, ५ डिसेंबर, देशाचा पितृदिन होता.

ही प्रतिमा जपलीही जात होती, हे सांगितलं नाही तर चित्र अपुरं राहील. चित्रपटगृहात सिनेमाआधी राजगीताला उभं राहायचं, रोज रात्री दूरचित्रवाणीवर राजघराण्याच्या बातम्या पाहायच्या, आणि दंडसंहितेच्या कलम ११२ खाली राजाचा अवमान केल्यास दर गुन्ह्यामागे तीन ते पंधरा वर्षं कैद. २०१४ पासून तर सत्ता लष्कराच्याच हाती होती.

त्या सरकारनं सरकारी नोकरांसाठी वर्षभराचं आणि जनतेसाठी तीस दिवसांचं सुतक जाहीर केलं. दूरचित्रवाणीचा पडदा कृष्णधवल झाला, बातम्यांच्या संकेतस्थळांचे रंग गेले. काळ्या कपड्यांसाठी दुकानांत झुंबड उडाली आणि भाव चढले. मग रस्त्याच्या कडेला रंगाऱ्यांचे मोठाले हंडे चढले. घरातला जुना पिवळा, निळा, फुलाफुलांचा सदरा आणायचा, उकळत्या काळ्या रंगात बुडवून घ्यायचा. अनेक ठिकाणी हे काम फुकट होत होतं. ज्याला तेही जमलं नाही, त्यानं छातीवर काळी फीत लावली.

२२ ऑक्टोबरला राजवाड्यासमोरच्या सनाम लुआंग मैदानावर लाखाहून अधिक लोक जमले आणि वाद्यवृंदासोबत एका सुरात राजगीत गायले. २९ ऑक्टोबरपासून राजवाड्यात राजाचं अंत्यदर्शन खुलं झालं. प्रांताप्रांतांतून बसगाड्या यायच्या, रात्रीच रांग लागायची, कित्येक तासांनी सिंहासनकक्षात पाऊल पडायचं. तिथे मिळायचं काय? गुडघे टेकून एक नमस्कार, आणि उठायचं. ही रांग ५ ऑक्टोबर २०१७ पर्यंत चालली. सव्वा कोटीहून अधिक लोक येऊन गेले. देशाची लोकसंख्या तेव्हा सात कोटींच्या आत होती.

रांगेच्या भोवती एक वेगळंच गाव वसलं. भाताच्या, नूडल्सच्या पातेल्यांमागे स्वयंसेवक उभे, दुचाकी-टॅक्सीवाले पैसे न घेता माणसं सोडताहेत, डॉक्टर भोवळ आलेल्यांना तपासताहेत, शाळकरी मुलं पिशवी घेऊन कचरा वेचताहेत. आपल्याला पंढरीच्या वाटेवरचं अन्नदान आठवेल. काळे कपडे हुकमानं घालायला लावता येतात. आपल्या गाडीचं एक दिवसाचं भाडं सोडून द्यायला कुणी हुकूम केला नव्हता. म्हणून त्या दुःखाला मी खोटं म्हणणार नाही.

पण त्याच दिवसांत दुसरंही घडलं. समाजमाध्यमांवरच्या मजकुरावरून राजाचा अवमान केल्याचा आरोप असलेल्यांच्या दारावर जमाव चालून गेले. को सामुई बेटावर पोलीस ठाण्यासमोर, जमावाच्या देखत, एका बाईला राजाच्या तसबिरीपुढे गुडघे टेकायला लावलं. काळं न घातलेल्यांना रस्त्यात टोकलं जाऊ लागलं, तेव्हा सरकारलाच सांगावं लागलं की ज्या गरिबाला नवा कपडा परवडत नसेल, त्याला बोलू नका. शोक करणाऱ्याला दुसऱ्याच्या शोकाची झडती घेण्याचा अधिकार कसा मिळतो, हे मला पटलेलं नाही. खेड्यातल्या म्हातारीपुढे वाकलेल्या राजाच्या नावानं एका बाईला गुडघ्यांवर आणणं, हा त्या राजाचाच अपमान होता.

दहनसंस्कार झाला २६ ऑक्टोबर २०१७ ला. सनाम लुआंगवर मेरू पर्वताच्या कल्पनेवर सुमारे पन्नास मीटर उंच, नऊ शिखरांचं दहनमंदिर उभारलं होतं. सभोवती ब्रह्मा, विष्णू, शिव, इंद्र; आणि त्यांच्यासोबत राजाच्या लाडक्या कुत्र्यांच्याही मूर्ती. समोर भाताचं खाचर, त्याचा बांध थाई नऊच्या आकड्यासारखा वळवलेला. १७९५ साली घडवलेला सोनेरी महाविजय राजरथ दोनशेहून अधिक माणसांनी ओढला. प्रांतोप्रांती दहनमंदिराच्या प्रतिकृती उभ्या होत्या. लोकांनी महिनोन्‌महिने घरी, शाळांत, विहारांत बसून चंदनी फुलं वळली होती, ती तिथे वाहिली.

आणि झेंडू. आपल्याकडे दसरा-दिवाळीत दाराला जो झेंडू लागतो, तोच तिथे त्या वर्षी शहराशहरांत, रस्त्यांच्या कडेला, विहारांच्या आवारात लावला होता, ऑक्टोबरात फुलेल अशा बेतानं. पिवळा रंग सोमवारचा, राजाचा. काळ्या कपड्यांतली माणसं आणि भोवती पिवळे ताटवे, असं ते बँकॉक होतं.

पुढे, २०२० च्या ऑगस्टमध्ये, सनाम लुआंगला लागून असलेल्या थम्मसात विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांनी राजसंस्थेत सुधारणा करा ही मागणी जाहीर सभेत मांडली. विद्यापीठाच्या दुसऱ्या आवारात झालेल्या त्या सभेनंतर त्यांच्यातल्या अनेकांवर कलम ११२ खाली खटले भरले गेले.

१३ ऑक्टोबर हा दिवस थायलंडमध्ये सार्वजनिक सुटीचा आहे. २०२३ मध्ये त्याला अधिकृत नाव मिळालं: ‘नवमिन्द्र महाराज दिन’, म्हणजे नवव्या राजाचा दिवस.