खेळ का रखडतो?

सामना रखडला की प्रेक्षक खेळाडूंना नावे ठेवतात. दोष बहुतेक वेळा नियमांच्या हिशेबात असतो.

पत्त्यांचा एक परदेशी खेळ पाहू. रिचर्ड गारफिल्ड यांनी रचलेला ‘मॅजिक : द गॅदरिंग’ १९९३ साली अमेरिकेत आला. त्याच्या ‘लिमिटेड’ स्पर्धेत घरून गड्डी आणायची नसते. तिथेच सीलबंद पाकिटे फोडून मिळेल त्यातून किमान ४० पानांची गड्डी बांधायची. पुष्कळशा पानांवर लढणारे प्राणी असतात. हल्ल्याला गेलेल्या प्राण्याचे पान आडवे होते, आणि प्रतिस्पर्ध्याच्या पुढच्या पाळीत ते सहसा बचावाला येत नाही. शिवाय कुणाला कुणी अडवायचे हे बचाव करणारा ठरवतो. पुढे सरकणाऱ्याचा दोन्हीकडून तोटा! पाकिटांतून प्राणी भरपूर निघतात, समोरचा प्राणी उडवणारी पाने मोजकीच. मग दोन्हीकडे सात-आठ प्राणी समोरासमोर उभे, आणि कुणी हलत नाही. मुद्दाम वेळ काढणाऱ्याला पंच स्पर्धेतून बाद करू शकतात; पण इथे दोघेही भराभर खेळत असतात, फक्त हल्ला करत नाहीत. पंच काय करणार?

हाच पेच कबड्डीत आहे, आणि तो फुलसावंगीच्या मैदानावरचा वाचक अधिक चांगला ओळखेल. आघाडीवरच्या संघाचा चढाईपटू सात जणांच्या घोळक्यात कशाला शिरेल? निदान रेषा ओलांडायची आणि परत यायचे. ही रेषा पुरुषांच्या मैदानात मध्यरेषेपासून ३.७५ मीटरवर असते. ती ओलांडायची सक्ती आणि ३० सेकंदांची मर्यादा, दोन्ही वेळकाढूपणाला आवर घालतात. पण रिकामी चढाई त्यांतूनही सुटते. बोनस रेषेचे आमिषही समोर सहा किंवा सात बचावपटू असतील तेव्हाच.

खरा इलाज तिसऱ्या चढाईचा. संघाच्या लागोपाठ दोन चढाया रिकाम्या गेल्या, तर तिसरीत गुण आणायचा, नाहीतर चढाईपटू बाद. २०१४ साली सुरू झालेल्या प्रो कबड्डीने हा नियम घरोघर पोहोचवला. आता थांबण्यालाही किंमत आहे. यातही संघ दोन चढाया मुद्दाम वाया घालवतात, हे खरे. पण तिसरीला निकाल लागतोच. पत्त्यांच्या खेळातही तोडगा याच जातीचा निघाला. २००९च्या ‘झेंडिकार’ संचात जमिनीचे पान उतरवले की काही प्राण्यांची ताकद त्या पाळीपुरती वाढे. जमीन सहसा आपल्याच पाळीत उतरते, म्हणून फायदा हल्ल्याला, बचावाला नाही. तो संच वेगवान डावांसाठीच ओळखला जातो.

खेळाडूंवर ओरडण्यापेक्षा हा मार्ग मला शहाणा वाटतो. मात्र एका मैदानावर रात्री उशिरापर्यंत सामने चालवणाऱ्या गावच्या मंडळाने तो घेतला, तर गुणलेखक पक्का हवा. दोन्ही संघांच्या रिकाम्या चढाया वेगवेगळ्या मोजायच्या, गुण झाला किंवा चढाईपटू बाद झाला की मोजणी पुन्हा शून्यावर आणायची, आणि तिसरी चढाई सुरू होण्याआधी ते मोठ्याने सांगायचे.