हलकी कादंबरी आणि वाचनाचा नेम

पोथी वाचणारा पुण्यवान, इतिहास वाचणारा शहाणा आणि कादंबरी वाचणारा रिकामटेकडा, अशी वाचकांची प्रतवारी मराठी समाजात दीर्घकाळ रूढ होती. त्यातून ती कादंबरी प्रेमाची आणि विनोदाची असली, म्हणजे तर विचारूच नये. ती उशीखाली दडवावी, वडीलधारी मंडळी आली की पदराआड करावी, आणि वाचून झाली तरी वाचल्याचे कोणास सांगू नये, असाच शिरस्ता होता. ही प्रतवारी किती न्याय्य आहे, याचा विचार पुण्यामुंबईस चैनीचा वाटेल. बीदर आणि कलबुर्गी या सीमेवरच्या जिल्ह्यांत मात्र तो घराघरांतल्या भाषेच्या भवितव्याशी जाऊन भिडतो.

या भागाचा पूर्वेतिहास थोडक्यात ध्यानी घेतला पाहिजे. १९४८ पर्यंत हे दोन्ही जिल्हे निजामाच्या राज्यात होते. कचेरीची आणि उच्च शिक्षणाची भाषा उर्दू होती. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना झाली, तेव्हा जुन्या बीदर जिल्ह्यातील उदगीर, निलंगा आणि अहमदपूर हे तालुके मुंबई राज्यात गेले. भालकी, हुमनाबाद आणि आजचे बसवकल्याण हा मुलूख, तसाच गुलबर्गा जिल्ह्याचा बहुतेक भाग, म्हैसूर राज्यात आला. त्या राज्याचे नाव १९७३ साली कर्नाटक झाले, आणि गुलबर्ग्याचे २०१४ साली कलबुर्गी. राज्यांची नावे बदलली, सीमा ठरल्या; पण घरातली बोली एका दिवसात बदलत नाही. भालकीच्या स्थानकावरून आगगाडी कमालनगर ओलांडून उदगिरास जाते तेव्हा राज्य बदलते, डब्यातले संभाषण बदलत नाही. २०२२ साली अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले ते याच उदगिरात.

येथील मराठी घरांतील मुलाची स्थिती मोठी चमत्कारिक आहे. तो शाळेत कन्नड किंवा इंग्रजीतून शिकतो, बाजारात कन्नड आणि दखनी बोलतो, आणि घरी आजीशी मराठी बोलतो. शाळेत हिंदी शिकल्यामुळे देवनागरी अक्षरे त्यास बहुधा ओळखीची असतात. हिंदीत न भेटणारा 'ळ' सुद्धा कन्नडमुळे त्याच्या कानांना परका नसतो. म्हणजे मराठी वाचण्याची सारी सामग्री त्याच्याजवळ असते. नसते ती केवळ वाचनाची सवय. ही सवय एका पिढीत लागली नाही, तर पुढच्या पिढीत आजीची भाषा कानांपुरतीच उरते, आणि तिच्या पुढच्या पिढीत तीही उरत नाही.

अशा वाचकाच्या हाती प्रथम काय द्यावे? वडीलधाऱ्यांचा कल जड ग्रंथ देण्याकडे असतो. हेतू चांगला असतो, परंतु परिणाम उलट होतो. दहा पानांत पन्नास शब्द अडले की पुस्तक मिटते, आणि ते पुन्हा उघडत नाही. येथे हलक्याफुलक्या प्रेमकथेचा खरा गुण प्रत्ययास येतो. तिचा सांगाडा सर्वांच्या परिचयाचा असतो. दोन माणसे भेटतात, त्यांच्यात गैरसमज होतो, मध्ये कोणी आत्याबाई किंवा मामासाहेब आडवे येतात, आणि अखेरीस गुंता सुटतो. शेवट गोड होणार हे वाचकास पहिल्याच पानावर ठाऊक असते. टीकाकार यालाच दोष म्हणतात. परंतु पुढे काय होणार याची चिंता नसल्यामुळेच वाचकाचे लक्ष कोण कसे बोलतो याकडे वळते. अनोळखी शब्द आला तरी संदर्भावरून त्याचा अर्थ लागतो, आणि तो शब्द कळत नकळत आपला होऊन जातो.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची आहे. करुण प्रसंग अर्धवट भाषेतही समजतो; विनोद समजत नाही. आई गेली या वाक्याने डोळ्यांत पाणी येण्यास भाषेवर प्रभुत्व लागत नाही. परंतु एखाद्या पात्राने नको तेथे 'अहो' म्हटले, किंवा तोऱ्यात बोलताना मध्येच घरगुती शब्द वापरला, यातील गंमत ज्याला ती भाषा अंगवळणी पडली आहे त्यासच कळते. मराठी प्रेमकथेत नायिका नायकास 'तुम्ही' सोडून पहिल्यांदा 'तू' म्हणते, त्या क्षणी अर्धी कथा सांगून होते. ज्या दिवशी सीमेवरचा वाचक या जागी आपणहून हसतो, त्या दिवशी तो मराठीच्या परीक्षेत उतरला असे खुशाल समजावे; निराळ्या प्रमाणपत्राची जरुरी नाही.

या वाङ्मयाची परंपराही काही हीन कुळातली नाही. इंग्लंडात जेन ऑस्टिन हिने 'प्राइड अँड प्रेज्युडिस' ही कादंबरी १८१३ साली प्रसिद्ध केली. गैरसमज, मानापमान आणि लग्न एवढ्याच भांडवलावर उभी असलेली ही कथा दोनशे वर्षांनंतरही जगभर वाचली जाते. कादंबरीवाचन हलके समजणाऱ्यांस तिने 'नॉर्दँगर ॲबी'त चांगले सुनावलेही आहे. महाराष्ट्रात गोविंद बल्लाळ देवल यांचे 'संशयकल्लोळ' १९१६ साली संगीत रूपात रंगभूमीवर आले. त्याचे मूळ इंग्रजी नाटकाच्या वाटेने फ्रेंच नाटककार मोलियेरपर्यंत पोहोचते. पण फाल्गुनराव आणि अश्विनशेट कोणासही परदेशी वाटले नाहीत. ना. सी. फडके यांनी 'जादूगार', 'दौलत' यांसारख्या कादंबऱ्यांतून प्रेमकथेला डौल आणि रचनेचा बांधेसूदपणा दिला. चिं. वि. जोशी यांच्या चिमणरावाने मध्यमवर्गीय संसारातील फजित्यांना घरोघर पोहोचविले. वि. वि. बोकील यांनी साध्या घरांतील प्रेम आणि थट्टा एकत्र नांदविली. या लेखकांची पुस्तके सर्वच थोर आहेत असे नव्हे. परंतु त्यांनी वाचक घडविले, आणि त्याच वाचकांनी पुढे थोर पुस्तके उचलली.

आता वाचनाच्या नेमाविषयी. वर्षाच्या आरंभी अमुक इतकी पुस्तके वाचीन असा संकल्प सोडण्याची पद्धत अलीकडे जगभर फोफावली आहे. महाराष्ट्रात डॉ. अब्दुल कलाम यांचा जन्मदिवस, म्हणजे १५ ऑक्टोबर, २०१५ पासून वाचन प्रेरणा दिन म्हणून पाळला जातो, तेव्हाही असे संकल्प होतात. बहुतेक संकल्प दोनतीन महिन्यांत विरून जातात. याचे कारण इच्छेचा अभाव हे नव्हे. मापच चुकीचे घेतलेले असते.

योग्य माप कसे घ्यावे हे या जिल्ह्यांस बाहेरून शिकण्याचे कारण नाही. कलबुर्गी जिल्ह्यात भीमा आणि अमरजा यांच्या संगमाजवळ गाणगापूर आहे. नृसिंहसरस्वतींच्या वास्तव्याने ते प्रसिद्ध झाले, आणि त्यांचे चरित्र सांगणारा 'गुरुचरित्र' हा ग्रंथ सरस्वती गंगाधर यांनी मराठीत रचला. ग्रंथकाराची मातृभाषा कन्नड होती, असे ग्रंथातील उल्लेखांवरून मानले जाते. कन्नड घरातल्या माणसाने लिहिलेली मराठी पोथी महाराष्ट्राने शतकानुशतके डोक्यावर घेतली, ही गोष्ट सीमेवरच्या वाचकाने विसरू नये. या ग्रंथाचे सात दिवसांचे पारायण करण्याची रीत आहे. सर्वत्र प्रचलित असलेल्या एका विभागणीत पहिल्या दिवशी नऊ अध्याय होतात, दुसऱ्या दिवशी दहापासून एकविसापर्यंत म्हणजे बारा, आणि पाचव्या दिवशी मात्र छत्तीस ते अडतीस असे तीनच. असे का? कारण छत्तिसावा अध्याय फार मोठा आहे. ही विभागणी ज्यांनी बसविली त्यांनी अध्याय मोजले नाहीत, वाचणाऱ्याचा भार मोजला.

वाचनाच्या नेमाचे सारे शास्त्र यात आले. पुस्तकांची संख्या हे फसवे माप आहे. चारशे पानांची ऐतिहासिक कादंबरी आणि सव्वाशे पानांची विनोदी कथा या दोहोंची गणना 'एक' अशीच होत असेल, तर माणूस संख्या फुगविण्यासाठी पातळ पुस्तके शोधू लागतो, नाहीतर जाड पुस्तकात अडकून हताश होतो. त्यापेक्षा रोजची पाने किंवा रोजचा वेळ ठरविणे श्रेयस्कर. रोज दहा पाने वाचली तर दोनशे पानांची कादंबरी वीस दिवसांत संपते. महिन्याचे दहा दिवस अडीअडचणींस सोडूनही वर्षाकाठी बारा पुस्तके होतात. नवशिक्या वाचकाने दहाऐवजी पाचच पाने धरावीत, म्हणजे सहा पुस्तके होतील. सहा पुस्तके वाचलेला मुलगा एकही न वाचलेल्या मुलापेक्षा सहा पुस्तकांनीच पुढे असतो असे नाही. तो वाचक झालेला असतो.

पारायणाचे आणखी दोन धडे घेण्यासारखे आहेत. पहिला, ठरलेली वेळ आणि ठरलेली जागा. वेळ मिळाला की वाचू, असे म्हणणाऱ्यास वेळ कधीच मिळत नाही. दुसरा, मोठ्याने वाचणे. पोथी एक जण वाचतो आणि घर ऐकते. विनोदी कादंबरीचे प्रकरण रात्री जेवणानंतर नातीने मोठ्याने वाचावे आणि आजीने ऐकावे. शब्द अडला तर आजीने सांगावा, आणि आजीची दृष्टी अधू झाली असेल तर नातीचे डोळे तिच्या उपयोगी पडावेत. हप्त्याहप्त्याने वाचण्याची ही रीत या वाङ्मयास मानवतेही. डिकन्सची 'पिकविक पेपर्स' ही विनोदी कथा १८३६-३७ साली मासिक भागांतूनच लोकांपुढे आली, आणि हरिभाऊ आपट्यांच्या कादंबऱ्या 'करमणूक' पत्राच्या अंकांतून घरोघर गेल्या.

एका बाबतीत मात्र कादंबरीने पोथीचे अनुकरण करू नये. पारायण अर्धवट सोडीत नाहीत. कादंबरी खुशाल सोडावी. तीस पाने वाचूनही गोडी लागली नाही तर ती बाजूला ठेवून दुसरी घ्यावी, आणि त्याबद्दल मनास टोचणी लावून घेऊ नये. वाचलेल्या पुस्तकांची एक वही ठेवावी. नाव, तारीख आणि दोन ओळींचा अभिप्राय. सोडलेल्या पुस्तकाचीही नोंद करावी, कारण काय आवडत नाही हे कळणे हीसुद्धा वाचकाची कमाई आहे.

पुस्तके मिळावीत कोठून, हा प्रश्न सीमेवर अधिक अवघड आहे. महाराष्ट्राचा ग्रंथालय कायदा १९६७ चा; त्याअन्वये अ, ब, क, ड अशा वर्गांत मान्यता मिळालेल्या संस्थांच्या ग्रंथालयांस अनुदान मिळते, पण ते त्या राज्याच्या हद्दीत. कर्नाटकातील कायदा १९६५ चा; त्यात स्थानिक करांवर ग्रंथालयाचा उपकर बसतो आणि सार्वजनिक ग्रंथालये सरकारी खात्यामार्फत चालतात. घरपट्टीबरोबर हा उपकर मराठी घरही भरते. तेव्हा तेथील मराठी वाचकाने मराठी पुस्तक मागणे हा उपकार मागणे नव्हे. डॉ. शि. रा. रंगनाथन यांनी १९३१ साली मांडलेल्या ग्रंथालयशास्त्राच्या पाच सूत्रांत प्रत्येक वाचकास त्याचे पुस्तक मिळावे, हे एक सूत्र आहे. परंतु ग्रंथपालास मागणी दिसते ती नोंदवहीत. जे पुस्तक कोणी नेत नाही त्याची जोडपुस्तके कोणी घेत नाही. घरातील पाच पानांचा नेम असा ग्रंथालयाच्या कपाटापर्यंत पोहोचतो.

हा नेम कोणत्याही भाषेविरुद्धचा मोर्चा होऊ नये, हेही बजावले पाहिजे. सीमेवरच्या वाचकाचे भाग्य असे की त्याच्या दारात तीन भाषांचे हास्य उभे आहे. कन्नडमध्ये 'बीची' या नावाने लिहिणाऱ्या विनोदकाराची पुस्तके आहेत, त्रिवेणी यांच्या हृद्य कादंबऱ्या आहेत. उर्दूतील नामवंत विनोदकार मुज्तबा हुसैन हे तर कलबुर्गी जिल्ह्यातील चिंचोळीचे. वर्षाच्या सहा पुस्तकांत चार मराठी, एक कन्नड आणि एक उर्दू किंवा हिंदी, अशी वाटणी करणारा वाचक कोणत्याही राजधानीतल्या वाचकापेक्षा श्रीमंत ठरेल. शेजाऱ्याच्या विनोदावर हसता येणे, ही शेजारधर्माची मोठी पायरी आहे.

जड ग्रंथांचा मान कोणी कमी करीत नाही. परंतु शिखरावर जाणाऱ्यास पायथ्याशी पायऱ्या लागतात, आणि हलकी, निर्मळ, हसरी प्रेमकथा ही अशीच एक पायरी आहे. तीवर पाय ठेवणाऱ्या मुलास रिकामटेकडा म्हणून हटकू नये. त्याच्या हातातले पुस्तक कोणते आहे यापेक्षा ते पुस्तक मराठी आहे आणि उघडे आहे, ही गोष्ट भालकीच्या किंवा आळंदच्या घरात आज अधिक मोलाची आहे.