गोव्यात बनलेला विषावरचा ‘दगड’

न्यू यॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्युझियममध्ये सोन्याची एक गोल डबी आहे. तिवईवर बसवलेली, मधोमध उघडणारी. अंगभर जाळीदार वेलबुट्टी आणि तिच्यात दडलेली एकशिंगी घोड्यांसारखी अद्भुत जनावरं. एवढा थाट पाहून आत हिरा-माणिक असेल असं वाटतं. पण आत असतो नुसता एक गोळा. सतराव्या शतकाच्या अखेरीला किंवा अठराव्याच्या आरंभी तो गोव्यात तयार झाला. युरोपात अशा गोळ्यांना ‘गोवा स्टोन’ म्हणत. गोळा खरवडायचा, भुकटी पाण्यात किंवा चहात घालून प्यायची, की विष उतरतं अशी समजूत होती.

हा गोळा म्हणजे नक्कल, आणि अस्सल वस्तू म्हणजे बेझोआर. रानबोकडासारख्या रवंथ करणाऱ्या प्राण्याच्या पोटात केसांचा पुंजका, बी किंवा खडा अडकून राहतो आणि त्यावर कॅल्शियम-मॅग्नेशियमच्या फॉस्फेटचे थर बसत जातात. संक्रांतीच्या हलव्यात तिळावर पाकाची पुटं चढतात, तसंच हे. फक्त कढई पोटातली. फारसीत त्याला ‘पादजहर’, म्हणजे विषापासून राखणारा, म्हणत. युरोपीय नाव त्यावरूनच आलं. गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्याने 1563 मध्ये गोव्यात छापलेल्या आपल्या औषधीग्रंथात त्याची चर्चा केली आहे. (मुंबईचं बेट खंडाने घेतलेला ओर्ता तो हाच.)

विषप्रयोगाची धास्ती राजेरजवाड्यांना कायमचीच. शिवाय ज्याच्या संग्रहात नवलाच्या वस्तू जास्त, त्याचा रुबाब मोठा. प्रागच्या दुसऱ्या रुडॉल्फ बादशहाने बेझोआर सोन्यात मढवून आपल्या अद्भुतसंग्रहात ठेवले होते. मागणी वाढली तशी बनावटही बोकाळली. लंडनमध्ये एका सोनाराने बेझोआर म्हणून एक खडा शंभर पौंडांना विकला. तो खोटा निघाल्याची तक्रार कोर्टात गेली. 1603 मध्ये निकाल लागला तो सोनाराच्या बाजूने: तो खडा बेझोआर असल्याचं नुसतं म्हणाला होता, हमी दिली नव्हती! कायद्याचे विद्यार्थी हा खटला आजही अभ्यासतात.

गोव्यातल्या जेझुइट पाद्र्यांनी मग सरळ कृत्रिम बेझोआरच घडवायला घेतला. गास्पर अंतोनियो या फ्लॉरेन्सहून आलेल्या धर्मबंधूला त्याचं श्रेय दिलं जातं. बेझोआरचे तुकडे, शिंपले, अंबर, कस्तुरी, राळ आणि मौल्यवान रत्नांची पूड एकत्र मळायची, गोळा वळायचा, वर सोन्याचा वर्ख. मला यात लबाडी कमी आणि धंद्याची उत्तम जाण जास्त दिसते. हा माल नक्कल म्हणून लपवला गेला नाही. उलट गोव्याचं नाव घेऊनच मिरवला, आणि महागडाही ठरला.

पण अस्सल बेझोआर तरी खरा होता का? हा प्रश्न नुसत्या वादात न ठेवता आंब्रोआझ पारे या फ्रेंच शल्यवैद्याने तो कसाला लावला. नवव्या शार्ल राजाला कोणीतरी बेझोआर भेट दिला होता. तो सगळ्या विषांवर चालतो का, असं राजाने विचारलं. पारे म्हणाला, शक्य नाही. विषांचे प्रकार वेगळे, त्यांची कामाची रीत वेगळी. चांदीची दोन ताटं चोरल्याबद्दल फाशीची शिक्षा झालेला एक आचारी तुरुंगात होता. विष घे, उतारा म्हणून बेझोआर घे, वाचलास तर सुटलास, असा सौदा त्याच्यापुढे ठेवला. तो तयार झाला. तासाभराने पारे पोचला तेव्हा तो गुरासारखा रांगत होता, तोंडानाकातून रक्त जात होतं. सुमारे सात तासांत तो तडफडून मेला. उघडून पाहिल्यावर पोटाचा आतला भाग काळा पडलेला आढळला. विष होतं रसकापूर, म्हणजे पाऱ्याचा क्लोराइड. आजच्या मापाने ही भयंकर चाचणी. तुलनेला दुसरा माणूस नाही, संमतीही फासाच्या सावलीतली. तरी ‘सर्व विषांवर’ हा दावा खोडायला एक अपयश पुरेसं होतं.

मात्र रसायनशास्त्राने नंतर एक दुरुस्ती सुचवली. कॅलिफोर्नियातल्या स्क्रिप्स संस्थेतल्या अँड्र्यू बेन्सन यांनी बेझोआर सोमलाच्या, म्हणजे आर्सेनिकच्या विषाच्या, द्रावणात कसे वागतात ते तपासलं. आर्सेनिकचा आर्सेनेट हा प्रकार घडणीने फॉस्फेटचा जुळा भाऊ. तो बेझोआरमधल्या ब्रुशाइट या खनिजात फॉस्फेटची जागा घेतो. दुसरा प्रकार आर्सेनाइट. तो कुजलेल्या केसांच्या प्रथिनातल्या गंधकाला चिकटतो. म्हणजे सोमल मिसळलेल्या पेल्यात बेझोआर बुडवून ठेवणाऱ्या दरबाऱ्याच्या समजुतीला थोडा तरी आधार होता. पारेने निवडलं होतं रसकापूर. पण सोमल निवडला असता तरी आचारी वाचलाच असता असं नाही; पेल्यात खडा मुरवत ठेवणं वेगळं आणि विष पोटात उतरल्यावर वरून तो गिळणं वेगळं.